खेळताना संगणक अडखळतो तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



या व्यासपीठावरून अभ्यास, शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर आपण नेहमी ऐकता. आज मी संगणकावरील खेळांविषयी, आणि तेही ते खेळ नीट चालत नाहीत त्याविषयी बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. माझी तक्रार नाही. परंतु माझे म्हणणे मुख्यतः खर्चाविषयी आहे, आणि खर्च हा वडीलधाऱ्यांचाच विषय आहे.

नेहमी घडते ते असे. घरात काटकसर करून एक चांगला संगणक आणला जातो. दिवसा मोठी मुलगी त्यावर ॲनिमेशनचा किंवा वास्तुरचनेचा अभ्यास करते, रात्री धाकटा मुलगा खेळतो. सहा-आठ महिन्यांनी धाकट्याची कुरकुर सुरू होते, "अब्बा, गेम अडकतो. मध्येच झटके बसतात. ग्राफिक्स कार्ड बदलावे लागेल." मध्यम प्रतीच्या कार्डाला आज पंचवीस-तीस हजार रुपये पडतात. अब्बा एक तर 'खेळणेच बंद कर' म्हणतात, नाही तर उसनवार करून कार्ड आणतात. कार्ड बसते, दोन दिवस सर्व खूश असतात, आणि तिसऱ्या दिवशी त्याच वळणावर तोच झटका बसतो. कारण दोष कार्डात नव्हताच. त्याच झटक्याने दिवसा मुलीचेही काम अडत होते, परंतु तिने कुरकुर केली नव्हती एवढेच.

तेव्हा मला आज एकच गोष्ट आपल्या गळी उतरवायची आहे. संगणकाचे संथ चालणे व अडखळणे हे दोन निराळे आजार आहेत. संथपणाला कधी कधी नवे कार्ड हे औषध असते. अडखळण्याला ते क्वचितच असते. आणि आपल्या घरी यांपैकी कोणता आजार आहे हे फुकटात मोजून पाहता येते.

आता हे मोजावयाचे कसे, ते पाहू. सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. यंत्राने ती ठरावीक वेळाने फक्त दाखवायची. खेळाचे तसे नाही. खेळणारा डावीकडे वळला की उजवीकडे, हे त्या क्षणापर्यंत कोणालाच माहीत नसते. म्हणून प्रत्येक चित्र, ज्याला आपली मुले फ्रेम म्हणतात, ते जागच्या जागी तयार करावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला एक हजार भागिले साठ, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर ७ मिलिसेकंदही पुरे मिळत नाहीत. तेवढ्यात प्रोसेसरने हिशेब करायचा, कार्डाने चित्र रंगवायचे आणि पडद्याकडे धाडायचे.

मुले खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा लावून ठेवतात. तो म्हणजे सेकंदाला किती फ्रेम झाल्या त्याची सरासरी. या आकड्यानेच सर्व घोटाळा होतो. विद्यार्थी मित्रांनो, पाटीवर मांडून पाहा. एका सेकंदात ९० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत झाल्या. हे झाले ९०० मिलिसेकंद. उरलेल्या १०० मिलिसेकंदांत एकच फ्रेम झाली. एकूण फ्रेम ९१. आकडा पाहून कोणीही म्हणेल, वा, यंत्र उत्तम चालले आहे! परंतु त्या एका फ्रेमपाशी पडदा सेकंदाचा दहावा भाग गोठून राहिला, आणि डोळ्याला नेमका तोच बोचला. दहावीच्या निकालात एखाद्याची टक्केवारी भरघोस दिसावी आणि एका विषयात त्याची दांडी उडालेली असावी, तसा हा प्रकार आहे. सरासरीने त्याला कोणी पास करीत नाही.

ही गोष्ट जाणकारांच्याही फार उशिरा ध्यानात आली. द टेक रिपोर्ट या नियतकालिकात स्कॉट वॉसन यांनी २०११ साली एका सेकंदाच्या पोटात शिरून प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मांडून दाखवले, आणि त्यानंतर कार्डांची परीक्षा घेण्याची रीतच हळूहळू बदलली. आज कॅपफ्रेमएक्स नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. आफ्टरबर्नर व त्याच्या जोडीचा रिव्हाट्युनर हेही विनामूल्य आहेत. खेळ चालू असताना ते प्रत्येक फ्रेमच्या वेळेचा आलेख काढतात. रेघ सपाट पण उंचावर असेल तर यंत्र संथ आहे. रेघ खाली, पण मधून मधून सुळके वर आलेले, तर यंत्र अडखळते आहे. दहा मिनिटे खेळून हा आलेख एकदा पाहावा. कार्डाचा विषय घरात त्यानंतर काढावा.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज बाजूला करतो. मुले प्रत्येक गोष्टीला 'लॅग' म्हणतात. आंतरजालावरून चार जणांबरोबर खेळताना समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, पण आपण स्वतः मान वळवली तर दृश्य सुरळीत फिरते. अशा वेळी दोष संगणकाचा नसून जोडणीचा आहे. वाय-फायऐवजी तार लावून पाहावी, किंवा तोच खेळ एकट्याने, जोडणीविना खेळून पाहावा. झटके थांबले तर प्रस्तुत भाषणाशी आपला संबंध नाही, इंटरनेटवाल्याशी आहे.

आता मुख्य भाग. जुन्या काळचे हकीम नाडी धरण्याआधी विचारीत, दुखते केव्हा? सकाळी की जेवणानंतर? संगणकालाही हाच प्रश्न विचारावा. झटका केव्हा बसतो यावरून निम्मे निदान होते.

प्रथम तो झटका घ्या, जो एका ठिकाणी पहिल्यांदाच बसतो आणि त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा गेल्यावर बसत नाही. नवा स्फोट झाला, नवे पाणी दिसले, नव्या खोलीत पाय टाकला की हिसका. परत खेळल्यावर सुरळीत. याचे कारण शेडर. पाणी, धातू, धूर अशी प्रत्येक वस्तू कशी रंगवावी याची एक कृती खेळात लिहिलेली असते, तिला शेडर म्हणतात. ती कृती ज्या त्या कार्डाच्या भाषेत उतरवून घ्यावी लागते, आणि बाजारात कार्डांचे प्रकार इतके की खेळ बनवणाऱ्याला सर्वांसाठी ती आधी उतरवून देता येत नाही. हे काम खेळ सुरू होण्यापूर्वी उरकले तर ठीक. नाही तर दावतीचे पाहुणे दस्तरखानावर बसल्यानंतर आचाऱ्याने मसाला वाटावयास घ्यावा, तसे होते. २०१५ साली डायरेक्टएक्स १२ आले, तेव्हापासून या कामाची जबाबदारी मोठ्या प्रमाणात खेळ बनवणाऱ्यांवर आली, आणि सगळ्यांनी ती नीट पार पाडली असे म्हणता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेला एल्डन रिंग संगणकावर अडखळत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात द कॅलिस्टो प्रोटोकॉल आला तेव्हा तर महागड्या यंत्रांवरही इतके हिसके बसले की ग्राहकांनी तोंडसुख घेतले व कंपनीला लगेच दुरुस्ती काढावी लागली. गंमत अशी की वाल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे हातात मावणारे व पुष्कळ कमी ताकदीचे यंत्र या बाबतीत सुखी होते. सर्व स्टीम डेकमधील कार्ड एकाच जातीचे असल्याने कंपनी उतरवलेले शेडर आधीच पोचते करू शकते. खेळांच्या कन्सोलवरही हेच होते.

म्हणजे हा दोष खेळाचा आहे. पन्नास हजारांचे कार्ड घेतले तरी तो जात नाही. करण्यासारखे इतकेच, की खेळ सुरू होताना 'शेडर तयार होत आहेत' अशी पाटी दिसली तर ती पुरी होऊ द्यावी. मुलांना धीर नसतो, ती पाटी ओलांडून पुढे जातात आणि मग तासभर हिसके खातात. कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला की हे काम पुन्हा करावे लागते, म्हणून ड्रायव्हर बदलल्यानंतरच्या पहिल्या दिवशी तक्रार ऐकूनच घेऊ नये. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये शेडर साठवण्याची जागा वाढवता येते, ती वाढवावी. बाकी खेळाच्या दुरुस्तीची वाट पाहावी.

दुसरा झटका असा, की पहिली पंधरा-वीस मिनिटे सर्व उत्तम, नंतर यंत्र मंदावते, आणि थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावले की परत उत्तम. हे उष्णतेचे काम आहे. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. यात यंत्र बिघडलेले नसते, शहाणपणाने वागत असते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान ३५ च्या पुढे असते. त्यातच कॅबिनेट भिंतीला चिकटवलेले, वर दमटपणाने धूळ जाळीला चिखलासारखी बसलेली. लॅपटॉपचे हाल याहून वाईट, कारण मुले तो गादीवर ठेवतात आणि खालची झरोके बंद होतात. एचडब्ल्यूइन्फो या विनामूल्य कार्यक्रमात तापमान दिसते. ते शंभराला टेकत असेल तर यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने व ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाही तर वाऱ्याने ती वाजवीपेक्षा जोरात फिरून पंखा खराब होतो. तीन-चार वर्षांच्या यंत्रात प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट सुकलेली असते. ती बदलावयास काही शे रुपये पुरतात.

लॅपटॉपविषयी आणखी एक. चार्जर न लावता खेळू नये. बॅटरी कार्डाला पुरेसा वीजपुरवठा देऊ शकत नाही, म्हणून यंत्र वेग कमी करते. लॅपटॉपच्या मूळ चार्जरऐवजी घरातला लहान चार्जर लावला तरी हेच होते.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात घरोघरी पैसे वाया जाताना पाहिले आहेत. खेळात नव्या भागात शिरले, वेगाने गाडी हाकली, गर्दीच्या चौकात वळले की झटका. आणि तो दर वेळी बसतो, पहिल्यांदाच नव्हे. येथे कुठली तरी साठवण अपुरी पडते आहे. एका कुटुंबाचे यंत्र मी पाहिले. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, १६ गिगाबाइट रॅम, आरटीएक्स ४०६० हे ८ गिगाबाइटचे कार्ड, सर्व जुन्या बी४५० जातीच्या मदरबोर्डवर. एका दुकानाने प्रोसेसर, बोर्ड व रॅम असा सगळा संच बदलण्याचा कागद लिहून दिला होता. वडील नोकरीतून निवृत्त व्हावयास दोन वर्षे होती आणि मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच यंत्रावर चालू होता. म्हणजे यंत्र आठवडाभर दुकानात ठेवणेही परवडणारे नव्हते.

टास्क मॅनेजर उघडला. खेळ चालू असताना कार्डाची स्वतःची मेमरी पूर्ण भरलेली दिसली. आता हिशेब पाहा. ४०६० कार्ड आपल्या मेमरीतून सेकंदाला २७२ गिगाबाइट इतका मजकूर वाचू शकते. ती मेमरी भरली की उरलेला मजकूर संगणकाच्या रॅममध्ये ठेवावा लागतो, आणि तेथून आणावयाचा रस्ता या कार्डाला आठ मार्गिकांचाच आहे. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर त्या रस्त्याने सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट येतात; ३.० च्या जुन्या बोर्डावर सुमारे ८. कुठे २७२ आणि कुठे ८! दारातला नळ बंद होऊन चौकातून घागरीने पाणी आणावे, तशी ही दशा. कार्ड दुबळे नव्हते, त्याच्या पोटात कोंबले जास्त होते. खेळातील टेक्स्चरचे सेटिंग सर्वांत वरच्या पायरीवरून दोन पायऱ्या खाली आणले आणि आलेखावरचे मोठे सुळके गेले. टेक्स्चरचे सेटिंग फसवे असते ते असे, की मेमरीत मावते तोवर ते वेग जवळजवळ खातच नाही, म्हणून मुले ते बिनधास्त वर ठेवतात. आणि मावेनासे झाले की एकदम कोसळते.

त्याच यंत्रात दुसरी गोष्ट सापडली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या खाचेत पट्ट्या बसवल्या तर दोन्ही मिळून काम करतात. नाही तर निम्मा रस्ता बंद राहू शकतो. शिवाय पट्टीवर ३२०० लिहिलेले असूनही टास्क मॅनेजरमध्ये वेग २४०० दिसत होता. पुष्कळ पट्ट्या बायोसमध्ये एक्सएमपी नावाचे सेटिंग चालू केल्याशिवाय लिहिलेल्या वेगाने धावत नाहीत; एएमडीच्या नव्या डीडीआर५ बोर्डांत त्याला एक्स्पो म्हणतात. पट्टी हलवली, सेटिंग चालू केले, लहान सुळकेही उतरले. एक रुपया खर्च झाला नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले. तेव्हा नवी रॅम मागण्याआधी घरात आहे ती नीट बसली आहे की नाही हे पाहणे अगत्याचे आहे.

खेळ जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर त्याचीही हीच लक्षणे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो, वर वाचणारा हात सरकवण्यास तितकाच वेळ. म्हणजे एक तुकडा शोधण्यातच एका फ्रेमचा बहुतेक वेळ गेला. अशा यंत्रात एसएसडीवर केलेला खर्च मात्र सार्थकी लागतो. खेळच नव्हे, सर्वच कामे हलकी होतात. फक्त ती काठोकाठ भरू नये.

प्रोसेसर कमी पडतो आहे की कार्ड, हे ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. खेळाचे चित्र १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणावे. कार्डाचे काम निम्म्याहून कमी झाले. तरीही फ्रेमचा आकडा जागचा हलला नाही, तर अडवणारा प्रोसेसर आहे, आणि कार्डावर घातलेला पैसा पाण्यात जाईल. मुले येथे म्हणतात, पण प्रोसेसर तर तीसच टक्के वापरला जातो! ही पुन्हा सरासरीचीच फसवणूक. प्रोसेसरमध्ये आठ कामकरी दाखवलेले असतील आणि एकच घामाघूम होऊन बाकीचे बसलेले असतील, तर सरासरी साडेबारा टक्के दिसते. खेळाचा मुख्य धागा बहुधा एकाच कामकऱ्याच्या डोक्यावर असतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येकाचा आलेख वेगळा लावून पाहावा. पुष्कळदा मागे चालू असलेला ब्राउझर, व्हायरसची तपासणी, पडद्याचे रेकॉर्डिंग, दिव्यांचे रंग बदलणारा एखादा निरुपयोगी कार्यक्रम हेच वाटेकरी असतात. ते बंद करावेत.

पडद्याचाही दोष असू शकतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र घेतो. व्ही-सिंक चालू असताना एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, तर ती अगदी थोडक्यात चुकली. आणि लोकल चुकलेल्या माणसासारखी तिला पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर थांबावे लागते. पाहणाऱ्याला ती ३३ मिलिसेकंदांची वाटते. जी-सिंक किंवा फ्रीसिंक असलेल्या मॉनिटरमध्ये गाडीच प्रवाशासाठी थांबते, म्हणून तेथे हा त्रास कमी. असा मॉनिटर नसेल तर फ्रेमच्या संख्येला आपणच मर्यादा घालावी. ५० ते १०० मध्ये हेलकावे खाणाऱ्या यंत्रापेक्षा ५० वर स्थिर असलेले यंत्र डोळ्याला सुखाचे असते, हे मुलांना पटवणे कठीण जाते खरे. त्यांना मित्रापुढे मोठा आकडा सांगायचा असतो. आणि आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: मॉनिटरची तार कॅबिनेटच्या मागे ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत आहे की वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत, ते पाहावे. वरच्या खाचेत असेल तर महागडे कार्ड आत बसलेले असूनही बहुतेक वेळा चित्र प्रोसेसरमधला लहानसा भागच रंगवतो.

काही झटक्यांना ताळतंत्र नसतो. दिवसातून दोन-चार वेळा, खेळ असो की टंकलेखन, एक-दोन सेकंद सारे यंत्र, आवाजासकट, घरघरते. एएमडीच्या प्रोसेसरवर हे घडत असेल तर एक प्रसिद्ध कारण आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात विंडोज ११ आले व त्याने टीपीएम नावाची सुरक्षा-व्यवस्था आवश्यक केली, म्हणून अनेकांनी बायोसमधील एफटीपीएम चालू केले. त्यानंतर अशा तक्रारी वाढल्या. मार्च २०२२ मध्ये एएमडीने दोष मान्य केला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून सुधारलेले बायोस उपलब्ध होऊ लागले. ज्यांचे बायोस त्याआधीचे आहे त्यांनी ते बदलावे. मात्र बायोस बदलताना लाईट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ज्यांच्या गावी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही त्यांनी यूपीएस असल्याशिवाय हे करू नये, आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर लिहून ठेवावी.

आता पालकांना विशेष सांगावयाचे ते. काहीच चालू नसताना कार्डाचा पंखा घोंघावत असेल, तर मुलाने खेळ कोठून आणला ते विचारा. फुकट मिळालेल्या चोरीच्या खेळांबरोबर दुसऱ्यांसाठी आभासी चलन खणणारे कार्यक्रम घरात शिरतात. २०२१ साली अवास्ट या कंपनीने क्रॅकोनॉश नावाच्या अशा एका कार्यक्रमाची माहिती जाहीर केली. तो चोरीच्या खेळांतून पसरला होता, व्हायरस-प्रतिबंधक कार्यक्रम बंद पाडीत होता, आणि जगभरातील दोन लाखांहून अधिक यंत्रांत शिरून मोनेरो हे चलन खणत होता. विजेचे बिल आपले, यंत्र आपले, कमाई त्याची. काही असे कार्यक्रम टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात. अशा यंत्रावर मुलीचा प्रकल्प आणि घरातले बँकेचे व्यवहार चालू ठेवणे धोक्याचे आहे. कामाच्या फाइली काढून घेऊन विंडोज नव्याने घालणे हाच उपाय. 'गेम बूस्टर', 'रजिस्ट्री क्लीनर' अशा नावांनी मिळणाऱ्या चुटकीसरशी उपायांवरही माझा विश्वास नाही. ते असलेला भार वाढवतातच.

जुने कार्ड स्वस्तात घेण्याचा विचार असेल तर इतके ध्यानात ठेवावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची कार्डांवर खणण्याची पद्धत बंद झाली आणि दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. ती सगळीच वाईट असतात असे नाही, पण पंखे व आतील उष्णतावाहक पट्ट्या झिजलेल्या असतात. विकणाऱ्यासमोर वीस मिनिटे चालवून तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच खेळ, त्याच जागी, तितकीच मिनिटे खेळून आलेख काढा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि झटका गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे सर्व करूनही झटका राहिला तर यंत्र दुकानात अवश्य न्यावे. पण जाताना एक चिठ्ठी लिहून न्यावी. खेळाचे नाव. झटका केव्हा बसतो: पहिल्यांदाच की दर वेळी, लगेच की वीस मिनिटांनी. सर्वांत लांब फ्रेम किती मिलिसेकंदांची. त्या वेळी प्रोसेसरचे व कार्डाचे तापमान किती, कार्डाची मेमरी किती भरलेली. चित्र लहान केल्यावर आकडा वाढला की नाही. काय काय बदलून पाहिले. आणि चिठ्ठीच्या पाठीमागे ड्रायव्हर शेवटचा कोणत्या तारखेला घातला ते लिहावे. काउंटरवर पहिला प्रश्न बहुधा तोच येतो.